गठ्ठ्यावरचा क्यूआर, टाकीतला सेन्सर, सादळलेली भाकरी

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे. या अंकासाठी सोलापूरहून आलेली पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांसाठी आम्ही नगमोजणीचं अ‍ॅप केलं आहे. गठ्ठ्याला क्यूआरची चिठ्ठी लावायची आणि काम झालं की कारागिरानं ती स्कॅन करायची, एवढंच. पहिला आठवडा छान गेला, पण आता निम्मे गठ्ठे स्कॅनच होत नाहीत. मालक म्हणतात, कारागिरांना सवय नाही. खरं कारण काय असेल?
*– दोन भागीदार, अक्कलकोट रोड*

सवयीला दोष देण्याआधी ती चिठ्ठी इस्त्रीच्या टेबलापर्यंत कशी पोचते ते बघा. तुम्ही बहुतेक बिलाच्या कागदासारखा, म्हणजे उष्णतेनं काळा होणारा थर्मल कागद वापरत आहात. कॉलर, कफ, काजा-बटणापर्यंत तो टिकतो आणि वाफेच्या इस्त्रीखाली गेला की पूर्ण काळा पडतो. शेवटच्या दोन टप्प्यांचे गठ्ठे जास्त सुटत असतील तर कारण हेच. उपाय म्हणजे रिबन लावून छापणारा थर्मल ट्रान्सफर प्रिंटर आणि त्यात रेझिनची रिबन. मेणाची रिबन स्वस्त पडते, पण हाताच्या घामानं आणि मशीनच्या तेलानं पुसली जाते.

दुसरी गोष्ट क्यूआरमध्ये काय भरलंय त्याची. आत ६० अक्षरांची वेबलिंक असेल तर क्यूआर ३३ चौकोन रुंद होतो. त्याऐवजी फक्त गठ्ठ्याचा नंबर ठेवा. इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ (-) एवढंच वापरलं तर सर्वात छोट्या, २१ चौकोनी क्यूआरमध्ये ‘क्यू’ पातळीच्या दुरुस्तीसह १६ अक्षरं बसतात. या पातळीला साधारण पाव भाग खराब झाला तरी क्यूआर वाचता येतो. छोटी इंग्रजी अक्षरं किंवा खालची रेघ (_) वापरली की ही सवलत जाते आणि क्यूआर मोठा होतो. भोवती चारही बाजूंना चार चौकोनांएवढी कोरी जागा लागतेच. डिझाइन सुंदर दिसावं म्हणून तिथे कारखान्याचं नाव कोंबू नका. २०३ डीपीआयच्या, म्हणजे इंचाला २०३ ठिपके छापणाऱ्या प्रिंटरवर एक चौकोन पाच ठिपक्यांचा धरला तर कोऱ्या जागेसह सगळा क्यूआर १८ मिलिमीटरच्या आसपास येतो. वीतभर अंतरावरून स्वस्त फोनलाही तो सहज वाचता येतो. फोनच्या कॅमेऱ्यावर सुताची धूळ बसते, म्हणून काच पुसायला एक फडकं टेबलालाच बांधून ठेवा.

पण खरी अडचण छपाईच्या पलीकडची दिसते. नगावर मजुरी घेणारा माणूस स्वतःचा हिशेब स्वतःकडे ठेवतो, मग तो वहीत असो वा खडूनं मशीनच्या फळीवर. तुमच्या अ‍ॅपमध्ये आकडा मालकाला दिसतो, पण कारागिराला काय दिसतं? हिरवी टिकली. तेवढ्यासाठी तो हातातलं काम थांबवून स्कॅन का करेल? स्कॅन झाल्या क्षणी पडद्यावर मोठ्या आकड्यात आजचे नग आणि आजचे रुपये दिसले पाहिजेत. शेजारी ‘चुकलं’ असं एकच बटण ठेवा, म्हणजे चुकीचा गठ्ठा त्याला स्वतःला दुरुस्तीला टाकता येईल. आणि चिठ्ठीला प्रत्येक कामाचं फाडून घेता येणारं कूपन ठेवाच. आठवड्याच्या हिशेबाला वाद झाला तर कारागिराच्या हातात काहीतरी कागद हवा. ही जुनी पद्धत मोडण्यात कोणाचाच फायदा नाही.

भाषेबद्दल : सोलापुरात एकाच रांगेत मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे कारागीर बसतात. आकडे इंग्रजीतच ठेवा, ते तिघांनाही वाचता येतात. कामाची नावं चित्रानं दाखवा आणि आवाज ज्याच्या-त्याच्या भाषेत द्या. फोनऐवजी रांगेत एक पक्का स्कॅनर बसवणार असाल तर तो क्यूआर वाचणारा इमेजर घ्या, कारण लाल रेघेचा लेझर स्कॅनर फक्त उभ्या पट्ट्या वाचतो. हे स्कॅनर टॅबला कीबोर्ड म्हणून जोडले जातात. टॅबचा कीबोर्ड मराठीवर असेल तर नंबराऐवजी भलतीच देवनागरी अक्षरं उमटतात आणि गठ्ठा ‘सापडला नाही’ म्हणून परत येतो.

नेट जाईल असं गृहीत धरूनच चला. स्कॅन आधी फोनमध्ये साठवा, मग वर पाठवा. गठ्ठा आणि काम ही जोडी एकदाच मान्य करा, म्हणजे तीच नोंद दोनदा पोचली तरी नग दुप्पट होत नाहीत. एकाच कामावर दोन कारागिरांची नावं आली तर नंतरचं नाव आधीच्यावर चढवू नका. दोन्ही राखून कारखान्यातल्या मास्तरांना दाखवा.

प्रश्न : कपडे धुऊन-इस्त्री करून घरपोच देण्याचा आमचा व्यवसाय आहे. मराठीतून एसएमएस पाठवायला लागल्यापासून बिल दुप्पट येतंय. कंपनी फसवते आहे का?
*– एक वाचक, जुळे सोलापूर*

नाही. इंग्रजी अक्षरांचा एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो. मजकुरात देवनागरीचं एक जरी अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते. त्याहून लांब गेला की जोडणीच्या माहितीसाठी जागा जाते आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात. शिवाय इथे डोळ्याला दिसणारं अक्षर मोजत नाहीत. काना, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळे वेगळे मोजले जातात. ‘सोलापूर’ चार अक्षरी दिसतं, पण मोजणीत सात भरतं. ‘ग्राहक’ सहा.

तुम्ही पाठवलेला नमुना असा आहे : ‘नमस्कार, आपण दिलेले सर्व कपडे धुऊन तयार झाले असून कृपया आपण ते लवकरात लवकर घेऊन जावेत.’ हे ८६ होतात, म्हणजे दोन एसएमएसचे पैसे. त्याऐवजी : ‘तुमचे कपडे तयार आहेत. रात्री ८ पर्यंत घेऊन जा. बिल १२३४’. हे ५५. दुकानाच्या नावाला अजून १५ शिल्लक राहतात, आणि ग्राहकाला वेळही कळते, जी आधीच्या मजकुरात नव्हतीच.

मजकूर वर्डमधून चिकटवू नका. तिथले वळणदार अवतरणचिन्ह इंग्रजी एसएमएसलाही ७० च्या मर्यादेत ढकलतं, आणि न दिसणारी जोडचिन्हं मोजणीत भर घालतात. व्यावसायिक एसएमएसचा साचा डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर मंजूर करून घ्यावा लागतो आणि पाठवलेला मजकूर त्याच्याशी तंतोतंत जुळावा लागतो. एक जादा पूर्णविरामही एसएमएस अडवायला पुरतो. ऑक्टोबर २०२४ पासून मजकुरातली लिंकही आधी नोंदवलेली हवी. म्हणून मजकूर आधी कमी करा, मगच मंजुरीला टाका.

प्रश्न : घरून काम करते. दिवे गेले की इन्व्हर्टर लगेच सुरू होतो, तरी वायफाय बंद पडून दोन-तीन मिनिटांनी येतं. मीटिंगमधून बाहेर फेकली जाते. छोटा यूपीएस घेऊ का?
*– वाचक, होटगी रोड*

आधी इन्व्हर्टरच्या मागची किंवा पुढची एक कळ बघा. त्यावर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असं लिहिलेलं असतं. नॉर्मलवर असेल तर बॅटरीवर जाताना जो किंचित खंड पडतो तेवढ्यात राउटर पुन्हा सुरू होतो. यूपीएसवर केलं की हा खंड इतका लहान होतो की राउटरला कळतच नाही. खर्च शून्य. एकच तोटा असा की यूपीएस स्थितीत इन्व्हर्टर कमी दाब चालवून घेत नाही, १८० व्होल्टच्या खाली गेलं की बॅटरीवर जातो. संध्याकाळी तुमच्याकडे दाब फार उतरत असेल तर बॅटरी उगाच झिजेल. अशा वेळी राउटरपुरता डीसी यूपीएस घेणं योग्य.

घेताना तीन गोष्टी तपासा. राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९, ते तसंच यूपीएसवर हवं. पिन ५.५ बाय २.१ मिलिमीटरची आहे की २.५ ची, तेही जुळवा. पिन सैल बसली तर पंख्याच्या वाऱ्यानं वायर हलली तरी राउटर बंद-चालू होतो. तिसरं म्हणजे क्षमता. डब्यावरचे ८००० एमएएच आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, म्हणजे साधारण ३० वॉट-तास. रूपांतरात घट धरून हाती २४-२५ येतात. आठ वॉट घेणारा राउटर त्यावर तीन तास चालेल, जाहिरातीतले आठ तास नाही. आणि डबा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात लिथियम सेल तिथे लवकर मरतात.

विकत घेण्याआधी एक चाचणी : दिवे गेलेले असताना फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा लाल दिवा लागतो का पाहा. लागत असेल तर केबलवाल्याच्याच यंत्राची वीज गेलेली आहे. मग घरात कितीही यूपीएस लावले तरी नेट येणार नाही, त्याच्याशीच बोलावं लागेल.

प्रश्न : डिलिव्हरी करताना एप्रिल-मेमध्ये बाइकच्या हँडलवर लावलेला फोन चार्जिंग बंद करतो. केबल तीन बदलल्या.
*– वाचक, विजापूर रोड*

केबलचा दोष नाही. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करणं तिला धोक्याचं असतं, म्हणून फोनच चार्जिंग थांबवतो. हवा ४२ अंशांवर असताना उन्हातला फोन ४५ सहज ओलांडतो. सकाळी घरून पूर्ण चार्ज करून निघा, उन्हात चार्जर लावूच नका, कव्हर काढा आणि नकाशा लावून आवाजावर चाला म्हणजे पडदा बंद ठेवता येतो. वायरलेस चार्जिंगचा स्टँड सर्वात वाईट, तो स्वतःच फोन तापवतो. आणखी एक : जास्त ताकदीच्या मोटारसायकलच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली स्थिरता राखणारी यंत्रणा बिघडू शकते, असं अ‍ॅपलनेच २०२१ मध्ये सांगितलं होतं. स्टँडला रबरी धक्काशोषक हवाच.

प्रश्न : आमच्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि वेळ ठरलेली नसते. हौदात पाणी आल्याची आणि गच्चीवरच्या टाकीची पातळी फोनवर कळावी म्हणून अल्ट्रासॉनिक (प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) सेन्सर व ईएसपी३२ हा वायफायचा छोटा बोर्ड लावला. आकडे दुपारी चुकतात, कधी टाकी भरलेली असताना रिकामी दाखवते. नळाला लावलेला फ्लो सेन्सर पाणी नसतानाही वाजतो.
*– अभियांत्रिकीचे दोन विद्यार्थी*

तुम्ही तीन वेगळे प्रश्न एकत्र बांधले आहेत, म्हणून गोंधळ झाला. एकेक सोडवू.

दुपारची चूक उन्हाची आहे. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो : २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ४५ अंशांना जवळपास ३५९. तुमच्या प्रोग्रॅममध्ये ०.०३४३ हा ठरलेला गुणक आहे. काळ्या टाकीतली हवा मे महिन्यात ४५ अंशांवर गेली की १०० सेंटिमीटरचं अंतर ९६ च्या आसपास मोजलं जातं, म्हणजे पाणी आहे त्यापेक्षा चार सेंटिमीटर वर दिसतं. हजार लिटरच्या, मीटरभर व्यासाच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास आठ लिटर, तेव्हा चूक तीसेक लिटरची. टाकीच्या झाकणाखाली डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर सोडा आणि वेग दर वेळी काढा : ३३१.३ अधिक तापमानाच्या ०.६०६ पट.

भरलेली टाकी रिकामी दिसते कारण जेएसएन-एसआर०४टी या जलरोधक सेन्सरला पहिले २० ते २५ सेंटिमीटर दिसत नाहीत. पाणी त्या अंतराच्या आत आलं की तो भलतंच अंतर सांगतो. सेन्सर पाइपच्या तुकड्यावर उंच करू नका, अरुंद पाइपच्या भिंतींवरून प्रतिध्वनी येतो. प्रोग्रॅममध्येच ठरवा : आधीचा आकडा ३० च्या आसपास होता आणि आता अचानक उडी मारली, तर टाकी भरली असं धरायचं. एका मोजमापावर विसंबू नका, नऊ घ्या आणि मधला धरा. सेन्सरच्या तोंडावर वाफेचे थेंब बसतात आणि पाण्याची धार किरणात आली तरी आकडे उड्या मारतात, म्हणून तो धारेपासून लांब, किंचितही तिरका न होता बसवा. त्याची इको पिन ५ व्होल्ट देते आणि ईएसपी३२ ला ३.३ च चालतात. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचा विभाजक नसेल तर बोर्ड आज ना उद्या जाईल. बोर्डाचा डबा पांढरा घ्या आणि टाकीच्या उत्तरेला, सावलीत लावा.

फ्लो सेन्सर खोटा वाजत नाही. बरेच दिवस कोरडी राहिलेली लाइन भरताना आधी हवा बाहेर पडते आणि त्या हवेनंही आतलं चक्र फिरतं. पाणी आल्याची खूण नळात न शोधता हौदात शोधा. तळापासून काही बोटांवर साधा फ्लोट स्विच टांगला की पाणी चढायला लागताच तो उचलला जातो. आजीला रात्री तीन वाजता उठवून हवेचा फुसफुसाट ऐकवण्यापेक्षा दहा मिनिटं उशिरा पण खरी घंटा वाजलेली बरी. फ्लोटऐवजी धातूच्या कांड्या वापरणार असाल तर स्टेनलेसच्या घ्या आणि वाचताना क्षणभरच वीज द्या. सतत डीसी दिला तर एक कांडी विरघळत जाते.

पुढे मोटार आपोआप चालवायचा विचार दिसतोय. त्या निळ्या छोट्या रिलेवर १० अँपिअर लिहिलंय म्हणून १ अश्वशक्तीची मोटार जोडू नका. चालताना ती ६-७ अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट, आणि रिलेचे संपर्क चिकटून बसतात. मग मोटार बंदच होत नाही. रिलेनं फक्त कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीसाठीचा दणकट विद्युत स्विच ओढा, त्याला ओव्हरलोड रिले जोडा आणि हौदाचा फ्लोट कॉइलच्या वायरमध्येच घाला, म्हणजे प्रोग्रॅम अडकला तरी कोरडी मोटार फिरणार नाही. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

प्रश्न : कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुणे-मुंबईला कुरिअरनं पाठवतो. पार्सलचं वजन १४०० ग्रॅम असताना ४ किलोचे पैसे लागतात. वर निम्म्या भाकऱ्यांचा चुरा होतो.
*– बचत गटाच्या सदस्या, कुंभारी*

ताई, तुमचा खोका ३० बाय ३० बाय २० सेंटिमीटरचा आहे. अनेक कुरिअर लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून ५००० नं भागतात आणि आलेला आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर तोच धरतात. तुमचे ३.६ किलो येतात आणि पुढच्या अर्ध्या किलोला धरून ४ होतात. खोका २४ बाय २४ बाय १२ चा केला तर १.३८ येतात, म्हणजे खऱ्या वजनाएवढेच, आणि दीड किलोचे पैसे लागतात. मोकळी जागा कमी झाली की चुराही कमी होतो, कारण भाकरी हादऱ्यापेक्षा आत सरकून आपटल्यानं जास्त मोडते.

पाच-पाच भाकऱ्यांमध्ये पुठ्ठ्याची गोल चकती घाला आणि सगळी चवड ताणून एकजीव बांधा. खोका पाच पदरी. मग चाचणी घ्या : ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडा, एकदा कोपऱ्यावर, तीनदा त्या कोपऱ्याच्या कडांवर आणि सहाही बाजूंवर एकेकदा. खोका उघडून मोडलेल्या मोजा. एकही न मोडेपर्यंत पाठवू नका असं नाही, पण कोणत्या बाजूवर मोडतात ते कळलं की तिथेच जाडी वाढवता येते.

भाकरी पूर्ण गार झाल्याशिवाय पाकीटबंद केली तर आतली वाफ तिला सादळवते. चटणी मात्र वेगळ्या पाकिटात हवी. तेल सुटेपर्यंत कुटलेली चटणी भरताना सीलच्या जागी तिचा एक कण जरी राहिला तरी तिथून तेल झिरपतं आणि सगळा खोका डागाळतो. लांब नळीच्या नरसाळ्यानं भरा, सीलची जागा कोरड्या फडक्यानं पुसा, सील किमान १० मिलिमीटर रुंद ठेवा. दर खेपेची चार-पाच पाकिटं पाण्याच्या पातेल्यात बुडवून दाबा, बुडबुडा आला की तिथे गळती आहे. झिपची पाकिटं दिसायला छान, पण चटणीचे कण झिपच्या खाचेत बसतात आणि दुसऱ्या दिवसापासून ती लागत नाही. त्यापेक्षा रुंद तोंडाची बरणी बरी. शेंगदाण्याचं तेल उजेडानं आणि हवेनं खवट होतं, म्हणून पारदर्शक पाकिटाचा मोह टाळा.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र. अ‍ॅप एका ओळखीच्या मुलाकडून करून घेतलं, लोगो एका विद्यार्थिनीनं काढला, दोघांना पैसे दिले. आता कंपनी करायची आहे. एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड?
*– वाचक, सात रस्ता*

बाहेरचा गुंतवणूकदार शेअर घेणार असेल तर प्रायव्हेट लिमिटेड. तसं काही नजरेत नसेल तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी हलकी पडते : वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर लेखापरीक्षण सक्तीचं नाही, फक्त फॉर्म ११ दरवर्षी ३० मेपर्यंत आणि फॉर्म ८ ऑक्टोबर ३० पर्यंत भरायचे. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये लेखापरीक्षक पहिल्या ३० दिवसांत नेमावा लागतो, व्यवसाय सुरू केल्याचा फॉर्म १८० दिवसांत भरावा लागतो आणि वार्षिक फॉर्म उशिरा गेले तर प्रत्येकी रोज १०० रुपये दंड चढतो. उलाढाल शून्य असली तरी चढतो. पुष्कळ लहान कंपन्या इथेच अडकतात.

पण त्याआधीचं मोठं काम राहिलंय. पैसे दिले म्हणून अ‍ॅपचा कोड तुमचा झाला, असं कायदा म्हणत नाही. पगारी नोकरानं केलेलं काम मालकाचं असतं, बाहेरून करून घेतलेल्या कोडचा कॉपीराइट लेखी हस्तांतर होईपर्यंत करणाऱ्याकडेच राहतो. हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षंच धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हक्क वर्षभर वापरला नाही तर तो परत जातो, असंही कलम आहे आणि ते लागू नाही असं स्पष्ट लिहावं लागतं. लोगोलाही असाच कागद हवा. त्या दोघांशी संबंध आजच चांगले आहेत, तेव्हा आजच सह्या घ्या, आणि त्यात कोड ठेवलेल्या खात्याचा, डोमेनचा आणि अ‍ॅप स्टोअरच्या खात्याचा ताबाही लिहून घ्या. ती खाती बहुतेक त्या मुलाच्या वैयक्तिक ईमेलवरच उघडलेली असतील.